ब्रेकचा पाय

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मे महिन्यातल्या एका सकाळी, माझे मामा नवी शंभर सीसीची मोटारसायकल घेऊन पनवेल-उरण रस्त्यालगतच्या मिठागरात पडले. मागे मी बसलो होतो. दोघांनाही इजा झाली नाही.

मामांची जमीन बंदरासाठी गेली होती. तिथल्या एका ठेकेदाराने सुपरवायझरची नोकरी देऊ केली होती. अट एकच: मोटारसायकलवरून यार्डात फिरता आले पाहिजे. चाचणी त्याच आठवड्यात, गुरुवारी होती.

मामांनी आजवर जुनी साडेतीनशे सीसीचीच गाडी चालवली होती. तिचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. नव्या गाडीत सगळे उलट. जुनी निघाली की गावाला कळे; हिचे लहानसे इंजिन शिलाई मशीनइतकाच आवाज करी. चालू इंजिनाला मामा पुन्हा किक मारत.

"चालू हाय का बंद?" ते मला विचारत. मलाही खात्री नसे.

त्या सकाळी मिठागराच्या बांधावर समोरून मिठाची पाटी घेतलेली बाई आली. मामांनी डावा पाय दाबला. गाडीने वरचा गिअर घेतला. बाई बाजूला झाली, आम्ही पाण्यात.

"मी ब्रेक दाबला ना!" खाऱ्या पाण्यात उभे राहून मामा म्हणाले.

"गिअर दाबलात."

"मंग ब्रेक कुटं गेला?"

घरी मामीने गाडीवर गोड्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. "गाडीला काय झालंय? धुवाया पायजे तुमाला."

मामांनी तोडगा काढला. उजव्या पायात चप्पल, डावा अनवाणी; चप्पल तो ब्रेक. बुधवारपर्यंत ते तसेच बांधावरून फिरले.

"एका चपलेवर हिंडताय," मामी म्हणाली, "लोकं म्हनतील, दुसरी देवलात चोरीला गेली."

गुरुवारी यार्डाच्या फाटकावर चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरने मामांचे पाय पाहिले. "बूट लागतील. दोन्ही पायांत." पहारेकऱ्याचे बूट मामांनी घातले. बसल्यावर ते बराच वेळ खाली पाहत राहिले. मग चालू इंजिनाला एक किक मारली आणि निघाले.

फेरी संपताना वाटेत अडसर होता. मामांनी दोन्ही पाय एकदम दाबले. गाडी हिसका देऊन अडसराच्या अलीकडे थांबली आणि इंजिन बंद पडले.

"कुठल्या पायाने थांबवलीत?" मी नंतर विचारले.

"थांबली ना?" मामा म्हणाले.

सोमवारी ठेकेदाराने त्यांना कामावर घेतले.