माळावर पोचवलेली बॅटरी

दोन हजार आठ सालच्या डिसेंबरातल्या एका शनिवारी मी हिंजवडीहून मोटारसायकल काढली, तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात दुसऱ्याच्या मोबाइलची बॅटरी होती. आमच्या ऑफिसच्या इमारतीचा वॉचमन लक्ष्मण याने ती रुमालात गुंडाळून दिली होती आणि वर दोनदा बजावलं होतं, "साहेब, पडंल कुटंतरी. हातानं चाचपत जावा."

लक्ष्मण जातीने गवळी धनगर. रिहे खोऱ्याच्या माथ्यावर त्याचे आईबाप चार म्हशी घेऊन राहायचे आणि हा खाली बेसमेंटात 'येऽऽ, येऽऽ' करत आमच्या गाड्या लावून घ्यायचा. बायको आणि पहिलीतली मुलगी त्याच्याजवळ भाड्याच्या खोलीत होती. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला तो रॅम्पच्या तोंडाशी येऊन मोबाइलमध्ये ओरडायचा, "हाऽऽ मोरेऽऽ, येऽऽ!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा घरी भांडतोय. मग कळलं, वर त्याची आई कड्यावर फोनचा स्पीकर चालू करून उभी असते आणि रानात पांगलेल्या म्हशी या आवाजावर घरी येतात. चारही त्याने रेडकं असल्यापासून वाढवलेल्या. दुसऱ्या कुणाच्या हाकेला त्या मान वळवायच्या नाहीत, आणि बापाला तर दम्यामुळे हाकच मारता येत नव्हती. ऑफिसात हे सांगितलं तर सगळे हसले. मीही हसलो होतो.

वर वीज नव्हती. दर आठवड्याला लक्ष्मण भरलेली बॅटरी घेऊन जायचा आणि उतरलेली घेऊन यायचा. या आठवड्यात त्याची सुट्टी रद्द झाली, वरचा फोन दोन दिवस बंद राहिला, आणि तो तोंड पाडून बसला. मी म्हटलं, मी जातो. आमच्या परभणीत चढायला डोंगर नाही, त्यामुळे इकडचा कुठलाही डोंगर मला फुकटात मिळाल्यासारखा वाटतो.

घोटावडे मागे पडलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या आणि रस्ता रिहे खोऱ्यात वळला. भाताची कापणी होऊन गेली होती. खाचरांत नुसते सड उभे होते, आणि मधूनच एखाद्या फार्महाउसचं रंगीत गेट. गावात चहाच्या टपरीशी गाडी लावली. टपरीवाल्या बाईंनी विचारलं, "कुटं निघाला?"

"वर. धनगरांकडे."

"वर आता कोन ऱ्हायलंय? एकच झाप हाय." झाप म्हणजे गवताने शाकारलेलं घर, अर्ध्यात माणसं, अर्ध्यात जनावरं. "बाकीचे समदे खाली उतरले. कोन वॉचमन, कोन माळी."

वाट उभी होती. वाळल्या गवतावरून पाय सटकला आणि मी चांगला दहा पावलं बसून घसरलो. पँट फाटली, पण आधी खिसा चाचपला. बॅटरी होती. स्वतःवरच खूश होऊन मी पुढची चढण चढलो.

माथ्यावर पोचलो आणि समोर तारेचं कुंपण. पायवाट थेट कुंपणात शिरत होती आणि पलीकडे पुन्हा दिसत होती. आत एक तळं, तळ्याकाठी नव्या बंगल्यांचे खांब, आणि पलीकडच्या उतारावरून चढत आलेला तांबड्या मातीचा रुंद रस्ता. मला तारेला धरून अर्धा तास वळसा घालावा लागला. लक्ष्मणच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईला झोळीत घालून खाली नेलं होतं, असं त्यानेच मला सांगितलं होतं. तेव्हा रस्ता आला नाही.

झापासमोर लक्ष्मणचे वडील कोंडीबा दम खात बसले होते. आई, ठकूबाई, कारवीच्या कुडाला शेण लावत होत्या. थोडं लांब, कातळावर, पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ वरचेवर घड्याळ बघत होता. असेल कुणी पाहुणा, असं मला वाटलं. मी रुमाल सोडून बॅटरी पुढे केली, तसे दोघेही माझ्याकडे बघतच राहिले.

"देवावानी आलात," कोंडीबा म्हणाले. पण हे म्हणताना त्यांच्या तोंडावर आनंद काही दिसेना.

नाचणीची भाकरी, ठेचा आणि तांब्याभर ताक पुढे आलं. असं ताक मी आजवर प्यालो नव्हतो. दोन तांबे संपवले. "कुटलं गाव म्हनायचं?" कोंडीबांनी विचारलं.

"परभणी."

"लई लांबनं आलात की, म्हशी हाकायला."

मी हसलो. ते हसले नाहीत. कातळावरच्या माणसाकडे मानेने दाखवून म्हणाले, "त्यो व्यापारी हाय. सकाळधरनं बसलाय. दोन दिस झालं, म्हशी रानातनं घरला यीनात. परक्या मानसानं धराया गेलं तर शिंगावर घेत्यात. आता बॅटरी आली, आता येतील."

मी भाकरी खाली ठेवली. "लक्ष्मणला माहीत आहे?"

"न्हाई." ते बराच वेळ खोकले. "कोंड बघितला न्हवं तुमी, तारंच्या आत?" कोंड म्हणजे ते बारमाही तळं. "आमच्या बाच्या बापापासनं जनावरं तितं पानी पीत हुती. आता आत जाऊ देईनात. गेल्या उन्हाळ्यात एक म्हस तारंत मान घालून पान्यासाठी वढत बसली, तितंच मेली. औंदा ह्या चौघी मरतील. लक्षुमनाला इचारलं तर म्हनतो, इकू नका, मी नोकरी सोडून येतो, डोक्यावरनं पानी वाहतो. येईल बी त्यो, खुळा हाय. मग पोरीच्या शाळंचं काय?"

ठकूबाई हात धुऊन आल्या. "पाव्हणं, फोनवर त्याला यातलं कायबी बोलू नका. तुमच्या पाया पडते."

मी मान हलवली. एवढा शिकलेला माणूस मी, पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. आजही सुचत नाही.

सहा वाजायला आले. कड्याच्या टोकाला रेंज यायची. ठकूबाईंनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि हात लांब करून रानाकडे धरला. मागे नव्या रस्त्यावरून टेंपो घरघरत येऊन थांबला. त्याचा मागचा फाळका धाडकन खाली पडला, आणि आम्ही तिघेही दचकलो. फोनमधला लक्ष्मण क्षणभर गप्प झाला. रेंज गेली असेल, असं मी मनाची समजूत घालत म्हटलं. मग त्याची हाक आली.

"हाऽऽ मोरेऽऽ! हाऽऽ चांदेऽऽ! बाळेऽऽ, कपिलेऽऽ, येऽऽ!"

रोज रॅम्पवर ऐकतो ती हाक आज मी दुसऱ्या टोकाला उभा राहून ऐकत होतो. खालच्या झाडीत फांद्या मोडल्या. आधी घंटा ऐकू आली, मग शिंगं दिसली. चारही म्हशी एकामागोमाग वर चढून आल्या, मोरी सगळ्यांत पुढे. ती सरळ ठकूबाईंपाशी आली आणि हातातल्या फोनला नाक लावून हुंगायला लागली.

"आल्या का समद्या?" फोनमधून लक्ष्मणने विचारलं.

"आल्या रं," ठकूबाई म्हणाल्या.

"मोरी?"

"ही काय, हितंच हाय."

"बरं." फोन बंद झाला. ठकूबाईंनी पदर तोंडात कोंबला.

कोंडीबांनी एकेकीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि व्यापाऱ्याने आपले दोर बांधले. जनावर विकलं तरी त्याचं दावं घरीच ठेवायचं, दाव्याबरोबर गोठ्याचं भाग्य जातं, ही रीत आमच्या मराठवाड्यातही आहे. ठकूबाई फोन हातात धरून फळीवरून पुढे गेल्या आणि फोनमागोमाग म्हशी टेंपोत चढल्या. एकीलाही काठी लावावी लागली नाही. टेंपो गेला. चारही दावी कोंडीबांनी गुंडाळून माझ्या पिशवीत घातली.

"गोठाच न्हाई तर हितं कशाला टांगू? त्याच्यापाशी असू द्या. मला त्याला सांगायला जमायचं न्हाई."

अंधारात उतरणं शक्य नव्हतं, तिथेच राहिलो. सकाळी ठकूबाई सवयीने चरवी घेऊन दुधाला निघाल्या आणि गोठ्याच्या दारातून परत आल्या. चहा कोरा होता. तो पिऊन मी निघालो.

उतरताना सगळी वाट मी वाक्यं जुळवत होतो. लक्ष्मण, हे बघ, तुझ्या वडिलांचा नाइलाज होता. लक्ष्मण, मुलीच्या शाळेचा विचार कर. घोटावड्यापर्यंत एकही धड जमलं नाही. हिंजवडीत पोचलो तर रविवारमुळे इमारत ओस होती आणि तो केबिनच्या बाहेर खुर्ची टाकून बसला होता. मी पिशवी पुढे केली. त्याने आत हात घातला आणि दावी वर काढली. धनगराला आणखी काय सांगायचं?

एक दावं त्याने नाकाशी नेलं. "मोरीचं," म्हणाला.

"मला माफ कर लक्ष्मण," मी म्हटलं. "बॅटरी मीच नेली. आणि मला कळलं तेव्हा मी गप्प बसलो."

"फाळका पडल्याला ऐकला मी, साहेब. टेंपोचा फाळका मला कळत न्हाई व्हय?"

"मग हाक कशाला मारलीस?"

तो दावं हातावर गुंडाळत राहिला. "न्हाई मारली असती तर उद्या दहा मानसं आणून, रान उठवून, काठ्या मारून नेल्या असत्या. माझ्या हाकंवर त्यांनी कधी मार खाल्ला न्हाई." मग त्याने विचारलं, "चढल्या का आपल्या पायानं?"

"चढल्या."

"मारलं न्हाई ना कुनी?"

"नाही."

त्याने मान हलवली, दावी केबिनमधल्या खिळ्याला नीट टांगली आणि गेट उघडायला गेला, कारण बाहेर एक गाडी हॉर्न वाजवत होती.

त्या रात्री परभणीहून आईचा फोन आला. नेहमीसारखं तिने विचारलं, "कधी येतोस?" नेहमी मी 'बघू' म्हणतो. त्या दिवशी गाडीचं तिकीट काढलं.

लक्ष्मणची नोकरी चालू आहे, मुलगी दुसरीत गेली. गाड्या मागे घेताना तो आता 'येऽऽ' म्हणत नाही, शिट्टी वाजवतो. संध्याकाळी सहाला मात्र अजूनही रॅम्पच्या तोंडाशी येतो आणि डोंगराच्या बाजूला तोंड करून दोन मिनिटं उभा राहतो. फोन खिशातच असतो.