सुकदेवच्या नावाचा रोट

श्रावणात नागपंचमी सरली की येणाऱ्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. सुरतच्या लिंबायतमधल्या ज्या गल्लीत मंगलाबाई राहतात, तिथल्या गुजराती चक्कीवाल्यालाही हे आता पाठ झाले आहे. आदल्या शनिवारी सकाळी तो चक्की झाडूनपुसून घेतो आणि इतरांच्या दळणाआधी या बायकांचे गहू दळून देतो. हे गहू रोटाचे, म्हणजे देवीपुढच्या जाड पोळ्यांचे. ते वजनाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बायकांच्या नावाची मूठ नसते. त्या पुरुषांच्या मुठीतले खातात. देवीपुढे ठेवलेले हे जाड रोट पौर्णिमेच्या आत कुळातल्या माणसांनीच संपवायचे असतात. शेजाऱ्यांना द्यायचे नाहीत, जनावराला घालायचे नाहीत, आणि लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीला तर चाखायलाही द्यायचे नाहीत. रोट कुळाबाहेर गेला तर तो घरच्या पुरुषावर उलटतो, असे मंगलाबाईंना त्यांच्या सासूने, कलाबाईंनी, सांगितले होते; आणि सासूच्या ज्या शब्दांची त्यांनी कधी उलटतपासणी केली नाही, त्यांतला हा एक.

यंदा घरात पुरुषाचे नाव एकच उरले होते. यजमान सुकदेव लूमच्या खात्यात, यंत्रमागांवर, आयुष्य काढून गेल्या दिवाळीनंतर वारले. धाकटे दीर वाल्मिक आधीच बिऱ्हाड घेऊन कतारगामला गेले होते, आणि थोरल्या भावाच्या माघारी त्यांनी आपली कानबाई निराळी बसवायचे ठरवले. उरला मुलगा ललित. शनिवारी मंगलाबाईंनी आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन गव्हाच्या डब्यात हात घातला, देवीचे नाव घेतले, आणि हाताने इतकी वर्षे जे केले तेच केले. पहिली सव्वा मूठ घरधन्याची, दुसरी ललितची. दोन्हींचे गहू सुपात एक झाले, आणि मगच त्यांच्या ध्यानात आले की पहिल्या मुठीचा धनी आता जेवायला बसणार नाही.

सुपात पडलेला दाणा देवीचा होतो. तो पुन्हा डब्यात टाकता येत नाही. अशा वेळी काय करायचे हे कलाबाईंना ठाऊक असते, पण त्यांना जाऊन आता फार वर्षे झाली. गल्लीतल्या बायकांना विचारावे तर त्या हळहळल्या असत्या, आणि मंगलाबाईंना ती हळहळ नको होती. त्यांनी गहू निवडले, चक्कीवरून दळून आणले, आणि फार तर एक रोट जास्त होईल, अशी मनाची समजूत घातली. तरी तो रोट कोणी खायचा, हा प्रश्न दिवसभर त्यांच्या पाठीस लागला.

तो प्रश्न दिसायला लहान होता. त्याच्या मागे उभा असलेला प्रश्न मात्र त्या वर्षभर टाळत आल्या होत्या. आपल्यामागे काय राहणार? खोली भाड्याची. गावाकडे, अमळनेरजवळच्या खेड्यात, हिश्शाला आलेली जमीन कधीच नव्हती. हातून झालेले काम म्हणावे तर एम्ब्रॉयडरीच्या साड्यांच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापायचे. गठ्ठे येत, त्या कात्री घेऊन उंबऱ्याशी बसत, गठ्ठे जात. त्या साड्या कुठल्या गावी कोणाच्या अंगावर गेल्या, ते त्यांना कळले नाही, आणि नेसणाऱ्यांना धागे कापणारी कोण हे कळायचा संबंधच नव्हता. आपली म्हणावी अशी एकच वस्तू त्यांच्याजवळ होती, ती म्हणजे कानबाईचा नारळ. कलाबाईंनी तो त्यांच्या ओटीत घातला होता आणि भुसावळच्या गाडीतून मंगलाबाईंनी तो मांडीवर धरून सुरतेला आणला होता. दर श्रावणात त्या नारळाला चांदीचे डोळे आणि नथ चढे, मंगळसूत्र चढे, आणि त्यातून एक चेहरा तयार होई. सोमवारी तापीत बुडवून तो पुन्हा घरी येई. सासूकडून सुनेकडे, तिच्याकडून तिच्या सुनेकडे, अशी त्याची वाट ठरलेली.

ती वाट कुठे अडली आहे हे मंगलाबाईंना चैत्रातच कळले होते. ललित हजीऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात ठेक्यावर भट्टीजवळ काम करतो आणि इच्छापोरच्या बाजूला नव्या इमारतीत राहतो. मंगलाबाई तिथे चार दिवस राहायला गेल्या होत्या. सून हर्षदा सुरतेतच वाढलेली. नात सोनालीशी ती गुजरातीत बोलते, नवऱ्याशी हिंदीत आणि सासूशी जपून मराठीत. एका दुपारी भाजी निवडताना मंगलाबाईंनी विषय काढला. पुढे कानबाई तुझ्याकडे यायची, तेव्हा दोन श्रावण माझ्याजवळ बसून शीक, असे त्यांनी सुचवले. हर्षदा गवारीच्या शिरा काढत राहिली.

"मम्मी, तुम्हाला खोटं सांगून बरं वाटू देऊ का?" ती म्हणाली. "मला ती गाणी येत नाहीत. मुठीचं मला कळतं, पण सोनालीची मूठ नाही हे तिला मी कसं सांगू? मी नावापुरतं करेन, आणि देवीशी नावापुरतं वागायची मला भीती वाटते. तुमच्यानंतर आम्ही नारळ तापीत सोडू. सन्मानाने सोडू."

मंगलाबाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण मुलगी खरे बोलली होती. राग आला असता तर त्याच्या सोबतीने परतीचा रस्ता तरी सरला असता.

रविवारी सकाळी वर्षा आली. वर्षा ही त्यांची थोरली मुलगी. पांडेसऱ्याला राहते, तिचा नवरा योगेश डाइंग मिलमध्ये रंग कालवायचे काम करतो. योगेशच्या कुळात कानबाई नाही. त्यामुळे वर्षाला तो रविवार मोकळा असे, आणि लग्न झाल्यापासून तिने तो एकदाही चुकवला नव्हता. तिने येताच चौरंग पुसला, केळीचे खांब बांधले, नारळाला डोळे लावले, नथ घातली. नथ किंचित डावीकडे कलती ठेवायची, म्हणजे देवी हसल्यासारखी दिसते, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. मग ती चौरंगापुढे मांडी घालून बसली आणि गायला लागली. कलाबाईंच्या वेळची गाणी, त्यांतली काही मंगलाबाईंनाही आता मध्येच अडत. वर्षाला अडत नव्हती. पूर्वी या खोलीत सुरात सूर मिळवायला जावा, नणंदा, शेजारणी असत. आता शेजारणींच्या घरी आपापली देवी होती. दोघींचा आवाज पत्र्याला लागून खाली येत होता.

दुपारी ललितचा फोन आला. कारखान्यात शटडाऊनचे, म्हणजे यंत्रे थांबवून दुरुस्तीचे, काम सुरू होते, ठेक्यावरच्या कोणालाच सुट्टी नव्हती. त्याने फोनच्या पडद्यावरच दर्शन घेतले, डोक्यावरचे हेल्मेट काढायला विसरला, आणि वर्षाने त्याला टोमणा मारला की देवीला तू इन्स्पेक्टर वाटशील. तो हसला. रोट ठेवून दे, सवड झाली की येतो, असे म्हणाला. पौर्णिमेच्या आत ये, असे मंगलाबाई म्हणाल्या, पण तोवर पडदा काळा झाला होता.

नैवेद्य झाला. पुरण, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. वर्षासाठी मंगलाबाईंनी वेगळे ताट वाढले, त्यात देवीपुढचे सोडून सगळे होते. वर्षा जेवायला बसली आणि मंगलाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. गाणी हिला येतात, नथ हिला येते; जिला येते तिला देता येत नाही, आणि जिला द्यायचे तिला नको आहे. हे त्यांनी आजवर कितीदा तरी मनात घोळवले होते. आज मात्र देवीपुढे एक रोट असा होता, ज्याचा धनी कोणी नव्हता. बापाचा वाटा लेकराला गेला तर देवी कशाला रागावेल? त्या उठल्या. त्यांनी रोट उचलला, त्यावर तूप घातले आणि वर्षाच्या ताटात ठेवला.

"हाई ले," त्या अहिराणीत म्हणाल्या. "तुना बापना रोट शे."

वर्षाला आधी गंमत वाटली. "माय, भुली गई का? माले चालत नही."

"मी देस ना तुले."

"तू देशी. पन तूच शिकाडं ना माले," वर्षा हसत म्हणाली, आणि तिने लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणातली हकिगत सांगितली. ताटाबाहेर पडलेला रोटाचा तुकडा तिने जुन्या सवयीने तोंडात टाकला, तेव्हा आईने मनगट धरून तिला मोरीवर नेले होते आणि चुळा भरायला लावल्या होत्या. सासरी ही गोष्ट ती अजून रंगवून सांगते, सगळे हसतात. मंगलाबाईंना त्यातले काहीच आठवत नव्हते.

मग त्यांनी सगळेच बोलून टाकले. मूठ कशी चुकली ते, हर्षदा काय म्हणाली ते. हा रोट खा, म्हणजे तू कुळातलीच राहिलीस असे मी समजेन, आणि पुढच्या वर्षी नारळ तुझ्या घरी ने. योगेशला मी सांगते. वर्षा ऐकत होती. ऐकताना तिचा चेहरा एकदा उजळला, हे मंगलाबाईंनी स्पष्ट पाहिले. मग तिने ताट थोडे पुढे सरकवले.

"ललित तठे भट्टीजोडे काम करस," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या त्याले काही व्हयनं, तं मी कोठे तोंड दपाडू?"

 काही होत नाही, इतकेच मंगलाबाईंना म्हणायचे होते. पण ती भीती त्यांनीच, मनगट धरून, मुलीच्या हाती दिली होती. ती पक्की बसली होती, गाण्यांहूनही पक्की. आणि त्यांच्याही डोळ्यांपुढे या क्षणी भट्टीशी उभा असलेला हेल्मेटमधला मुलगा होता. त्यांनी रोट उचलून पुन्हा देवीपुढे ठेवला. वर्षाने खीर संपवली, भांडी घासली, आणखी दोन गाणी म्हटली. संध्याकाळी योगेशची पाळी सुटायच्या आत तिला घरी पोचायचे होते. पूर्वीसारखा रात्रीचा जागर आता कोणासाठी करायचा, असा प्रश्न दोघींनी एकमेकींना विचारला नाही.

सोमवारी गल्लीतल्या बायका वाजतगाजत तापीवर निघाल्या. मंगलाबाई त्यांच्या मागून रिक्षाने गेल्या. गुडघ्यांचे निमित्त होतेच. घाटावर त्या जरा बाजूच्या पायरीवर बसल्या. इतरांच्या देव्या पाण्यात बुडून, निथळत, पुन्हा कडेवर येत होत्या. मंगलाबाईंनी नारळ मांडीवर घेतला. आपण गेल्यावर हर्षदा हा इथे आणील, व्यवस्थित आणील, आणि नारळ कोणत्या हाताने धरायचा ते शेजारणीला विचारील. तोवर वर्षा दर श्रावणात येत राहील, वेगळ्या ताटात जेवील, आणि दर वर्षी तिच्या मनात भावाची धास्ती थोडी अधिक मुरेल. आपल्यामागे हेच राहायचे असेल, तर ते इथवर आणून पोचवणारी बाई मीच आहे. थांबवायचे तर तेही मीच थांबवावे. असा विचार त्यांनी शब्दांत केला नसेल, पण हाताने केला. त्यांनी डोळे काढले, नथ काढली, मंगळसूत्र काढून पदराच्या गाठीत बांधले. चेहरा गेला आणि मांडीवर एक जुना काळपट नारळ उरला. तो त्यांनी पाण्यात सोडला.

नारळ बुडाला नाही. लाटेबरोबर हलत पायरीला येऊन टेकला. मंगलाबाईंनी तो तळव्याने पुढे लोटला. तो पुन्हा आला. तेव्हा शेजारच्या मनीषाचे लक्ष गेले. हातातून सुटला का, असे तिने घाईने विचारले आणि वाकून धरायला हात पुढे केला. मंगलाबाईंनी तो हात अडवला आणि मीच सोडला, असे सांगितले. मनीषाने हात मागे घेतला. मंगलाबाई आणखी एक पायरी उतरल्या, पाणी पोटऱ्यांना लागले, आणि त्यांनी नारळ प्रवाहात नेऊन सोडला.

संध्याकाळी वर्षाचा फोन आला. नदीवर गर्दी होती का, गुडघे कसे आहेत, नारळ नीट पुसून वर ठेवलास का. मंगलाबाईंनी नारळ सोडल्याचे सांगितले. कारणही सांगायला सुरुवात केली. आता कोणाला काही व्हायचे भय नाही, तुला चुळा भरायला लावणारे कोणी नाही. 

"मंग पुढला श्रावणमा मी कोठे येऊ, माय?" वर्षाने विचारले.

हे मंगलाबाईंच्या हिशेबात नव्हते. मुलीची भीती त्यांना दिसली होती. त्या भीतीच्या वेगळ्या ताटात बसून, न मिळणाऱ्या रोटाशेजारी, तिला वर्षातला एक रविवार माहेर मिळत होते, हे त्यांना दिसले नव्हते.

"आठेच येजो," त्या अखेर म्हणाल्या. "मी शे तोवर."

वर्षा 'हो' म्हणाली. आणि मग, ललितकडे रोट पाठव, शिळा झाला तर तो खाणार नाही, असे काहीतरी बोलून तिने फोन ठेवला.

देवी नव्हती, पण रोट देवीचेच होते, आणि पौर्णिमेला अजून अवकाश होता. ललितचा रोट त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवला. दुसरा, सुकदेवच्या नावाचा, एव्हाना कडक झाला होता. मंगलाबाईंनी वाटीत कोमट दूध घेतले, रोटाचा एक तुकडा मोडून त्यात घातला, आणि तो मऊ होईपर्यंत त्या वाटीसमोर बसून राहिल्या.