पडदा नसलेलं सहावं मशीन

सातपूरला आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेला एका कारखान्याने सहा जुनी कॉम्प्युटर मशिनं दिली. मॉनिटर मात्र पाचच. सहावं मशीन सचिव धोंडीरामनानांनी भंगारात काढलं. मी भांडलो, पण उसना मॉनिटर लावून त्यात लिनक्स टाकलं, तरी पुढे पडद्याशिवाय ते चालवायचं कसं, ते मलाही सांगता येईना. लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच, पण फुकट.

उत्तर मैनाताईकडे होतं.

मैनाताई जन्मापासून आंधळी. "सरळ आंधळी म्हण. दृष्टिहीन म्हटलं की भाषणाला बसल्यासारखं वाटतं," हे तिनंच मला सुनावलेलं. वीस वर्षं ती इथल्याच एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. आतल्या फोनचे दीडशे एक्स्टेंशन नंबर तोंडपाठ. नुसत्या 'हॅलो'वरून साहेब घरी भांडून आलाय का, ते ओळखायची. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, टेलिफोनचा बोर्ड निघाला, ताई घरी बसली. अभ्यासिकेत देखरेखीला माणूस हवा म्हणताच तिनं अर्ज टाकला. नानांनी अट घातली, मशीन बिघडलं तर लिनक्स स्वतः टाकता आलं पाहिजे. रविवारी सगळ्यांसमोर करून दाखवायचं.

मी तिच्या बाजूचा, म्हणून शिकवायला गेलो. माझं मत पक्कं होतं: चित्रं, बटणं, माउस ही आपल्यासारख्यांची सोय, आणि काळ्या पडद्यावरची अक्षरं ही शहाण्यांनी लोकांना घाबरवायला ठेवलेली. मी सायबर कॅफेत झाडू मारता मारता शिकलेला माणूस, मला कोण अक्कल शिकवणार! तिच्या हातात माउस दिला.

"हं, आता बाण 'पुढे'वर ने."

"कुठला बाण रे?"

मला राग आला तो माउसवरच काढला, टेबलावर आपटला.

"त्याला कशाला मारतोस? मला ती अक्षरांची पद्धत दे."

"ती तर आणखी अवघड!"

"तुला. अक्षरं मशीन वाचून दाखवतं. तुझी चित्रं मला कोण वाचणार?"

तिच्या आंधळ्या मैत्रिणींच्या फोन-ग्रुपवर मशीनला बोलतं करून लिनक्स टाकायची पद्धत कधीचीच चर्चेत होती. मला पत्ताच नव्हता.

रविवारी तिनं भंगारातलं सहावं मशीन मागून घेतलं. मशिनं सगळी एकाच बनावटीची. लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू करायला कुठली कळ किती वेळा दाबायची, ते तिनं आधीच मला विचारून पाठ केलेलं. टूं आवाज झाला. तिनं 'एस' दाबलं, म्हणजे बोलून दाखव, मग एंटर. स्पीकरमधून एक बाई नाकात, भरधाव इंग्रजी बोलायला लागली. प्रत्येक प्रश्नाला पर्यायांचे आकडे, ताईचं बोट आकड्यावर. एक्स्टेंशन जोडावं तसं.

आम्ही दहा डोळस माणसं त्या डब्याकडे बघत उभे. दिसत काहीच नव्हतं.

"काय म्हणते गं ती?" नाना.

"सगळी डिस्क पुसू का विचारते."

"मग?"

"नाना, तुम्ही मध्ये बोललात, दोन की तीन ते ऐकू नाही आलं."

नानांना कुणी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिनं बाईला पुन्हा बोलायला लावलं, ऐकलं, मग आकडा दाबला.

चाळीसेक मिनिटांनी मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि आवाज गेला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. हे फसलं तर नोकरी गेली, आणि आंधळ्या बाईकडून होत नाही हे कायमचं ठरलं. ताईनं डब्यावर तळवा ठेवला.

"पंखा फिरतोय. थांबा."

थांबलो. मग तीच नाकातली बाई बोलली, नाव विचारत होती. ताईनं नाव टाइप केलं, पासवर्ड टाकला.

"झालं."

"कशावरून?" नाना काही सोडेनात. स्वतः उठून पाचव्या मशीनचा मॉनिटर आणून जोडला. पडद्यावर लिनक्सची एकच ओळ, तिच्या सुरुवातीला इंग्रजीत 'मैना'.

नानांनी खिशातून अभ्यासिकेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"मॉनिटर परत तिकडे लावा," ताई म्हणाली. "पोरांना लागतो."