शैलाच्या गाडीतून मेमधलं वाळवंट

काळाचौकीहून आम्ही निघालो तेव्हा शैलाच्या चाळीतले निम्मे लोक निरोप द्यायला खाली उतरले होते आणि उरलेले गॅलरीतून बघत होते. आम्ही जैसलमेर गाठतो की विरारहूनच माघारी फिरतो, एवढाच त्यांच्या चर्चेचा विषय होता. गाडी जुनी असली तरी शैलाने ती स्वतःच्या पगारातून घेतलेली. तिचे यजमान सुभाषराव स्वतः गाडी चालवत नाहीत, पण ती कशी चालवावी याबद्दल त्यांचं ज्ञान अफाट आहे. त्यांनी काचेतून डोकं आत घातलं.

"वृंदाताई, हिला ओव्हरटेक करू देऊ नका. बायकांना अंतराचा अंदाज नसतो."

"तुमचा अंदाज काय?" मी विचारलं.

"पालनपूरहून फोन येणार. ड्रायव्हर पाठवा म्हणून."

शैलाने काच वर घेतली. सुभाषरावांनी डोकं वेळेवर बाहेर काढलं.

शैला आणि मी परळच्या एकाच शाळेत शिकवतो. ती गणित, मी भूगोल. वाळवंट हा धडा मी इतक्या पिढ्यांना शिकवलाय की गिरगावात भाजी घेताना एखादा टक्कल पडलेला माजी विद्यार्थी अजून वाळूच्या टेकड्यांचे प्रकार म्हणून दाखवतो. प्रत्यक्ष वाळवंट मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. शहाणी माणसं राजस्थानला थंडीत जातात. थंडीत आमच्या नशिबी स्नेहसंमेलन आणि सराव परीक्षा असतात. शिक्षकाला सुट्टी मिळते ती मेमध्ये, तेव्हा वाळवंटही मेमध्येच बघायचं, असं शैलाने ठरवलं आणि मला गाडीत बसवलं. लायसन्स माझ्याकडेही आहे. बँकेत ओळख पटवायला ते फार उपयोगी पडतं.

गुजरात सुरू झाल्याचं पाटीच्या आधी कमरेला कळलं. रस्ता गुळगुळीत, हॉटेलं चकचकीत, फाफड्याबरोबर पपईचा संभारो (परतलेली कोशिंबीर) हवा तेवढा. अडचण होती ती वेगळीच. एका पेट्रोलपंपावर 'महिला' लिहिलेल्या दाराला कुलूप होतं. चावी मालकाकडे आणि मालक जेवायला गेलेला. पुढच्या पंपावर दार उघडं होतं, पण आत जुने टायर रचून ठेवले होते. तिसऱ्या ठिकाणी चावी गल्ल्यावर टांगलेली. गल्ल्यावरच्या माणसाने जेवायला बसलेल्या सगळ्या ट्रकवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "टॉयलेट की चाबी चाहिए?" मग ती चावी बोटात फिरवत त्याने आम्हाला दिली, जणू काही इनाम देत होता.

पालनपूरला मुक्काम केला. शैलाने लालबागचा चिवडा आणलाच होता, शिवाय 'शाकाहारी मुलखात उपास नको' म्हणून सुक्या जवळ्याच्या चटणीची बरणीही आणली होती. दिवसभर डिकीत तापून तिचं झाकण फुगलं आणि लॉजच्या जिन्यात उघडलं. मॅनेजर हवा हुंगत वर आला.

"बेन, कुछ मर गया है क्या?"

"गटर भर गया है आपका, वो देखो," शैला शांतपणे म्हणाली आणि दार लावून घेतलं. तासभर तो बिचारा जिन्याखाली गटार शोधत होता.

दुसऱ्या दिवशी राजस्थानात शिरलो. ढाबे विरळ होत गेले. मी लाज सोडून बाभळीआड जायला लागले. शैलाही एकदा गेली. तेवढ्यात एका ट्रकने वेग कमी केला, हॉर्न वाजवत राहिला, आणि आतून कुणीतरी हसत काहीतरी ओरडलं. शैला लाल चेहऱ्याने परत आली. गाडी सुरू करून, चिडल्यावर येते त्या मालवणीत म्हणाली, "मी आता पाणीच पीत नाय. आत गेला नाय तर बाहेर येवचो प्रश्नच नाय."

गणिताच्या बाईंचं उत्तर म्हणून मला ते पटलं. मी हसले सुद्धा.

बाडमेरला सोगरा (बाजरीची जाड भाकरी) आणि केर-सांगरी (वाळवंटी झुडपाची फळं आणि शेंगा यांची भाजी) खाल्ली. भाजी मला लोणच्यासारखी लागली, शैलाला वाळक्या काड्यांसारखी. तिने दोनच घास घेतले. ताकाचा पेला माझ्याकडे सरकवला.

बाडमेर सोडलं आणि मी धड्यातलं वाळवंट शोधू लागले. कॅलेंडरावरच्या सोनेरी लाटा कुठेच नव्हत्या. होती ती करड्या मातीची सपाटी, रुईची झुडपं, तारा, खांब आणि क्षितिजापर्यंत पवनचक्क्या. मधूनच एखादं खेजडीचं झाड आणि त्याच्या नखाएवढ्या सावलीत दाटीवाटीने उभ्या मेंढ्या. इंजिन तापत होतं म्हणून शैलाने एसी बंद केला होता. उघड्या काचेतून येणारा वारा भाकरी भाजताना तोंडावर येतो तसला. सुभाषरावांचा फोन सकाळपासून अनेकदा येऊन गेला होता. दर वेळी शैला म्हणायची, "मस्त चाललंय."

मग तिने मला विचारलं, "परळला डावीकडेच वळायचं ना?"

मला वाटलं थट्टा करतेय. तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा कोरडा आणि भाजल्यासारखा झालेला. घामाचा टिपूस नव्हता. गाडी रस्ता सोडून वाळूच्या कडेला गेली. मी हँडब्रेक ओढला. शैलाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती बोलेना.

बाटलीतलं पाणी चहासारखं गरम झालेलं, तेच तिच्या डोक्यावर ओतलं. रस्त्यापासून थोड्या अंतरावर ढाणी (शेतातली एकाकी वस्ती) होती. मी तिकडे पळत सुटले. घरात एकच बाई होती, साधारण आमच्याच वयाची, नाव पेंपा. पुरुषमाणसं आणि मोटारसायकल बाजारात गेलेली. ती कळशी घेऊन माझ्यामागे आली, शैलाला पाहिलं आणि म्हणाली, "लू लागगी." (उष्ण वारा बाधला.) आम्ही दोघींनी शैलाला मागच्या सीटवर निजवलं. पेंपाने आपली ओढणी भिजवून तिच्या अंगावर टाकली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "दवाखाना आगे गाँव में है. चलाओ."

"मुझे नहीं आता."

"लाइसेंस नहीं है?"

"है."

"तो?"

मी गाडी चालू केली, ती बंद पडली. पुन्हा केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा उडी मारून ती रस्त्यावर आली आणि त्यानंतर मी सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये कापला. इंजिन रडत होतं, मीही रडत होते. एक उंट आडवा आला, त्याला मी शुद्ध मराठीत शिवी दिली. मागून पेंपा एकाच सुरात म्हणत होती, "चालो, चालो."

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी लगेच सलाईन लावलं, काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. शैलाने डोळे उघडून मला ओळखलं, तेव्हा कुठे मी खाली बसले.

"पानी क्यों नहीं पिया?" डॉक्टरांनी दरडावून विचारलं. "पढ़ी-लिखी हैं आप लोग."

मी कारण सांगितलं. डॉक्टरांनी सलाईनची नळी उगाचच नीट केली. मग हळूच म्हणाले, "लेडीज़ टॉयलेट तो हमारे यहाँ भी बंद है." पेंपा मोठ्याने हसली. नर्सने शेजारच्या आपल्या खोलीची चावी आणून माझ्या हातात ठेवली.

तेवढ्यात सुभाषरावांचा फोन आला. शैलाने मान हलवली. सांगू नको. "झोपलीय ती," मी म्हटलं. "दुपारची?" ते म्हणाले. "आणि गाडी?" मी म्हटलं, "गाडीही झोपलीय."

एक दिवस तिथेच काढला. मग मॅकेनिकने इंजिन ठीक केलं आणि आम्ही जैसलमेरला गेलो. वाळूच्या टेकड्यांजवळचे तंबू उन्हाळ्यासाठी उतरवलेले, उंटवाले सावलीत मोबाईल बघत पडलेले. आम्हाला पाहून एकजण म्हणाला, "मैडम, मई में कौन आता है?" "मास्तरणी," शैलाने सांगितलं. संध्याकाळी त्या टेकड्यांवर आम्ही दोघीच होतो. शैला मीठ-साखरेचं पाणी बाटलीभर प्यायली आणि एका टेकडीमागे गेली. मी पहाऱ्याला उभी राहिले. दूरवर कोणीही नव्हतं. ती परत आली तेव्हा चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते जैसलमेरचा किल्ला पाहूनही आलं नव्हतं.

परतीचा निम्मा रस्ता मी चालवला. शैला शेजारी बसून सतत सूचना देत होती आणि मला सुभाषरावांची आठवण येत होती.

काळाचौकीत पोचलो. सुभाषरावांनी आधी गाडीला प्रदक्षिणा घालून ओरखडे शोधले. एकही मिळाला नाही, तेव्हा त्यांचं लक्ष शैलाच्या हाताकडे गेलं. सलाईनच्या सुईची जागा काळीनिळी झाली होती.

"हे काय?"

वर गॅलरीत येऊन बसल्यावर, शेजारी जमले तेव्हा तिने थोडक्यात सांगितलं. ऊन लागलं, सलाईन लावलं, आता बरी आहे. सुभाषराव लगेच उभे राहिले आणि जमलेल्यांना उद्देशून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? बायकांना झेपत नाही. शरीरच तसं असतं."

"शरीराक काय झाला नव्हता," शैला म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. "मी पाणी पियाक नाय, कारण मुताक जागा नव्हती. मुंबईपासून बाडमेरपर्यंत."

पुरुषांनी एकेक करून मोबाईल काढले. मग शेजारच्या परबकाकू कठड्याला टेकून म्हणाल्या, "मी गावाक जाताना आदल्या रात्रीपासून पाणी बंद करतंय. इतकी वर्षा झाली." समोरच्या खोलीतली बँकेत जाणारी सून म्हणाली, "ऑफिसला जाताना मीपण." त्यानंतर एकेक आवाज येत गेला. सुभाषराव मध्ये उभे होते आणि त्यांना बसायला जागा सापडत नव्हती.

"मग सांगायचं ना आधी," ते शेवटी म्हणाले.

"कोणाक?" शैलाने विचारलं.

हल्ली शाळेत, गिरगावात, लग्नाकार्यात सगळे मला विचारतात, वाळवंट कसं आहे. मी सांगते, चांगलं आहे. मोकळं आहे, शांत आहे, हवा तेवढा आडोसा आहे. तिथपर्यंतचा देश तेवढा ओलांडून जावा लागतो.