पहिल्या पाठाचे मामा

माझ्या मामेसासऱ्यांना पृथ्वीच्या पाठीवरच्या कुठल्याही देशात नेऊन सोडलं असतं, तरी समोर येणाऱ्या पहिल्या माणसाला त्यांनी त्याच्या भाषेत आपलं नाव सांगितलं असतं, आणि त्यानंतर मात्र त्यांची उपासमार झाली असती. कारण भाकरीला काय म्हणतात, पाणी कसं मागतात, हे त्यांना त्यांपैकी एकाही भाषेत ठाऊक नव्हतं. रशियन, जर्मन, जपानी, स्वाहिली, चिनी, कोरियन, अशा किती भाषांत ते 'मी अमुक' म्हणू शकत, याची मोजदाद आम्ही घरच्यांनी सोडून दिली होती. नाव सांगून झालं की मामा तृप्त होऊन गप्प बसत. त्यांचं ते नाव मी इथे लिहीत नाही. बडोद्यातल्या निम्म्या लोकांना ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवलेलं आहे.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, निरंजनचे, सख्खे मामा. सासूबाईंचे धाकटे भाऊ. रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, आणि बडोद्याच्या हरणी भागात आमच्या घराच्या गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत राहणारे. खोलीत एक खाट, एक माठ आणि एक शॉर्टवेव्ह रेडिओ. या रेडिओची तांब्याची तार आमच्या पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या शारदाबेनच्या टाकीपर्यंत ताणलेली होती, आणि शारदाबेन तिच्यावर साड्या वाळत घालीत. मामांनी तक्रार केली की त्या शांतपणे सांगत, "साडी सुकाई जाय पछी मॉस्को सांभळजो ने, मामा." म्हणजे साडी वाळली की ऐका मॉस्को. मामांनी त्यावरही संशोधन केलं होतं. सुती साडी असली तर जर्मनी तेवढं लागतं, नायलॉनची असली तर सगळं जगच बंद, असा त्यांचा निष्कर्ष होता. विमानतळ जवळ असल्यामुळे मधूनच डोक्यावरून विमान जाई, तेव्हा मामा रेडिओचा आवाज बारीक करून पाहुण्याला वाट द्यावी तसे थांबत.

त्या काळात परदेशी केंद्रं आपापल्या भाषेचे पाठ इंग्रजीतून ऐकवीत. मामा त्यातला पहिला पाठ जिवाचा कान करून ऐकत, पाठ करीत, आणि दुसरा पाठ सुरू झाला की रेडिओ बंद करून आंघोळीला जात. निरंजनने एकदा विचारलं, की मामा, निदान एका भाषेत तरी पुढे जा. मामा म्हणाले, "पहिल्या पाठात माणूस माणसाला भेटतो. दुसऱ्या पाठात लगेच बाजारात जाऊन टोमॅटोचा भाव करायला लागतो. भाव करायला आपलं बडोदं काय वाईट आहे?" यावर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

नाव सांगणं आणि नाव विचारणं हा त्यांचा एकच धर्म होता. सयाजीगंजात रिक्षात बसण्याआधी ते रिक्षावाल्याला स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगत आणि मग त्याचं विचारत; ज्याच्या पाठीमागे बसायचं त्याचं नाव माहीत नको का, हा त्यांचा मुद्दा. एका रिक्षावाल्याने वैतागून विचारलं होतं, "काका, मीटर पाडुं के जन्मोत्री काढुं?" म्हणजे मीटर टाकू की पत्रिका मांडू? राँग नंबर लागला तरी हाच प्रकार. वासणा भागातल्या एका गृहस्थांनी गॅस सिलिंडर नोंदवायला फोन फिरवला तो आमच्याकडे लागला. मामांनी आपली ओळख करून दिली, त्यांची करून घेतली, आणि तेव्हापासून ते गृहस्थ दर दिवाळीला पेढ्यांचा डबा घेऊन आमच्याकडे यायला लागले. आम्ही इतकी वर्षं त्यांना मामांचे रेल्वेतले मित्र समजत होतो. ते काय करतात हे मामांनाही ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या आजोबांपर्यंतची नावं पाठ होती. नाव पुटपुटणाऱ्या माणसाचा मात्र मामांना मनस्वी राग. आपलं नाव आपणच गिळलं तर दुसऱ्याने ते का लक्षात ठेवावं, असं ते म्हणत.

असे हे मामा फक्त एका व्यक्तीपुढे नांगी टाकीत, ती म्हणजे त्यांची अक्का, माझ्या सासूबाई. अक्का जिन्यातून वर येताना दिसल्या की मामांच्या रेडिओवरचा बर्लिनचा निवेदकसुद्धा हळू बोलायला लागे. सासूबाई वाईट नव्हत्या, पण घरात जे चालत आलं ते चालावं असा त्यांचा कारभार होता. मी कऱ्हाडहून लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. निरंजनला शोभेसं म्हणून नीरजा. मला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती, आणि मलाही त्याचं फारसं काही वाटलं नाही. एवढंच व्हायचं, की सासूबाई खालून "नीरजा" म्हणून हाक मारीत आणि शेजारी कोण आलंय म्हणून मी खिडकीतून डोकावून बघे.

मग नव्वदीच्या दशकात हायवेवर एका कोरियन कंपनीचा कारखाना उभा राहायला लागला. ऑफिसात आयातीची कागदपत्रं सांभाळायला माणसं हवीत अशी पेपरात जाहिरात आली. मी बी.कॉम. झाले होते, लग्नाआधी थोडं काम केलं होतं, आणि मला ती नोकरी अगदी मनापासून हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण त्याहून जास्त अशासाठी, की घरात बसून बसून मी माझी मलाच अनोळखी व्हायला लागले होते. निरंजनची ना नव्हती. सासूबाई "बघा बुवा" म्हणाल्या, म्हणजे त्यांची अर्धी संमती मिळाली. खरा आनंद झाला तो मामांना. कोरियन भाषेचा पहिला पाठ त्यांनी कधीचा तयार करून ठेवला होता, पण बडोद्यात कोरियन माणूस कुठून मिळणार? आता तो हायवेपर्यंत आला होता. मुलाखतीत मी कोरियनमध्येच नाव सांगायचं, हे त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं.

दुपारी गच्चीवर शिकवणी सुरू झाली. "आधी चोनन. मग आपलं नाव. मग इम्निदा," मामा सांगत. चोनन म्हणजे मी, शेवटचं इम्निदा म्हणजे आहे, आणि मधे आपण. बोलताना वाकायचं, पण किती, यावर एक आख्खी दुपार गेली. देवापुढे वाकतो तितकं नाही आणि नुसती मानही हलवायची नाही. तुळशीला पाणी घालताना वाकतो तितकं, असं अखेर ठरलं. कोरियन लोक आधी आडनाव आणि मग नाव सांगतात, हे ऐकून तर मामांना गहिवरून आलं होतं. गुजरातेतल्या शाळांच्या हजेरीपटात असंच असतं, तेव्हा हे लोक फार लांबचे नाहीत, अशी त्यांनी ग्वाही दिली. मी रोज वाकून "चोनन नीरजा इम्निदा" म्हणे, आणि मामा रोज कपाळाला आठी घालून "पुन्हा" म्हणत.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सासूबाई गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या आणि आमची शेवटची तालीम चालली होती. मी पुन्हा म्हटलं. मामांनी रेडिओवर बोट वाजवलं आणि म्हणाले, की तुझं कोरियन चोख आहे, तू अडतेस ती नावाशी. मग त्यांनी मला विचारलं, शाळेत हजेरी घेताना काय म्हणायचे तुला? बडोद्यात आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, वैजयंती. मामा म्हणाले, तेच सांग. आणि मी सांगितलं, "चोनन वैजयंती इम्निदा," आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की शारदाबेन आपल्या गच्चीवरून बघायला लागल्या.

सासूबाईंना कोरियन येत नव्हतं, पण नाव कळलं. हातातला डाव तसाच धरून त्या म्हणाल्या, "या घरात तिचं नाव ठेवलंय आपण."

मामा म्हणाले, की अक्का, कोरियात बायका लग्नानंतरही आपलंच नाव लावतात, मी रेडिओवर ऐकलंय. सासूबाई म्हणाल्या, लावत असतील, ही हरणी आहे. मला वाटलं, संपलं. अक्कांचा शब्द आला की मामा उठून खोलीत जात, हे मी इतकी वर्षं बघत होते. आताही त्यांचा चेहरा पडला, हात बंद रेडिओचं बटण उगाच फिरवू लागला. पण ते उठले नाहीत.

"अक्का," ते म्हणाले, "माहेरी तू गोदी होतीस. तुला गोदी म्हणणारे सगळे गेले. मी एकटा राहिलोय, आणि मी तुला अक्का म्हणतो."

सासूबाईंच्या डावातलं पीठ टपटप प्लास्टिकवर सांडत राहिलं आणि त्याची एक भलीमोठी वेडीवाकडी पापडी झाली. मग त्या खाली वाकल्या आणि पुढच्या पापड्या घालू लागल्या. रात्री मला अन्न गोड लागलं नाही. सकाळी मी निघताना त्यांनी माझ्या तळहातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "नीट मोठ्याने सांग, वैजयंती." मला रडू यायला लागलं, तेव्हा त्या मामांकडे वळून म्हणाल्या, की सासूला काय म्हणतात रे त्यांच्यात? मामा ओशाळून म्हणाले, "अक्का, तो दुसरा पाठ."

मुलाखतीला बसलेले कोरियन साहेब माझं वाक्य ऐकून खुर्चीतून उठले आणि माझ्याइतकेच वाकले. त्यांनी 'व'चा 'ब' करून मला बैजयंती केलं, पण वडोदऱ्याचं बडोदं आपण केलंच आहे, तेव्हा त्यांना काय बोलायचं. नोकरी मला मिळाली. कागदपत्रांचं काम नीट येत होतं म्हणून मिळाली असेल. मी मात्र ती गच्चीवरच्या शिकवणीच्याच खात्यावर मांडते. त्या ऑफिसात मी पुढे बरीच वर्षं काढली, आणि माझ्या टेबलावरच्या पाटीवर पहिल्या दिवसापासून माझंच नाव होतं.

मामांना जाऊन आता पुष्कळ काळ लोटला. त्यांची आठवण निघाली की मला कारखान्यातला एक दिवस हटकून आठवतो. त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कारखाना दाखवायला बोलावलं होतं. निरंजनला सुटी नव्हती आणि सासूबाईंना बस लागते, म्हणून मामा आले. रेल्वेतला जुना कोट घालून, दाढी दोनदा करून. बसमध्ये अख्खी वाट ते पुटपुटत होते. चोनन, आडनाव, नाव, वडिलांचं नाव, इम्निदा. कोरियन माणसाला कोरियनमध्ये नाव सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं राहिलेलं काम होतं. आम्ही माझ्या टेबलाशी उभे होतो. कुणी वैजयंतीबेन म्हणून फाइल मागत होतं, कुणी मॅडम वैजयंती म्हणून सही. तेवढ्यात साहेब आले. मामा पुढे झाले, तुळशीला पाणी घालताना वाकावं तितके वाकले आणि म्हणाले, "चोनन." मग थांबले. एकदा माझ्याकडे पाहिलं.

"चोनन वैजयंतीचा मामा इम्निदा."

साहेबांनी मला विचारलं, मामा म्हणजे कोण? नवऱ्याच्या आईचा भाऊ, असं सांगायला हवं होतं. मी सांगितलं, माझ्या आईचा भाऊ.

परतताना बसमध्ये मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं पाठ केलेलं स्वतःचं नाव ऐन वेळी कसं विसरलात. मामा खिडकीबाहेर बघत होते. "विसरलो नाही गं," ते म्हणाले, "ते लोक तुला हाका मारत होते, त्या ऐकत राहिलो, आणि माझं सांगायचं राहूनच गेलं."