सुषमाताईची बैठक आणि माझं कंप्रेसर पेडल

अन्याय झाला तो माझ्या चुलत बहिणीवर, सुषमाताईवर. मागच्या माघातल्या रविवारी, पोहे संपून चहा यायच्या आत, वेल्ह्यात, आमच्याच अंगणात. तिच्या लग्नाच्या बैठकीत तिच्याच नोकरीचा निकाल लागला आणि तिला कुणी विचारलं नाही. (हे मी पत्रकातही छापलं असतं, पण माझी पत्रकं तेव्हा पाहुण्यांच्या पोह्यांखाली होती.)

आता पेडलचं. आंदोलनाची गाणी म्हणताना माझी गिटार कधी कानठळ्या बसवते, कधी ऐकूच येत नाही. म्हणून बाजारातलं सगळ्यात स्वस्त कंप्रेसर पेडल घेतलं. साबणाच्या वडीएवढी डबी. मोठा आवाज दाबते, बारीक आवाज वर काढते. ग्रामसभेत हे अजून कुणाला जमलेलं नाही! स्वस्तातल्याचा तोटा काय, ते शोधत मी दिवसभर बटणं पिळत बसायचे. एकच सापडला: सगळं शांत झालं की ते शांततेलाच उचलून धरतं, आणि स्पीकरमधून भजी तळल्यासारखा चरचराट येतो.

पाहुणे मार्गासनीचे. काका म्हणाले, स्वागताला काहीतरी वाजव, फक्त मोर्चाचं नको. वाजवलं. मग बारीक आवाज किती वर येतो बघू, म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवलं, गिटार स्वयंपाकघराच्या खिडकीखाली टेकवली आणि कपबशा आणायला गेले. गिटारीच्या पोटातला माईक चालू, पेडल चालू, स्पीकर अंगणातल्या आंब्यावर.

आमच्याकडं बैठक पुरुषांची. बायका खिडकीआड, आणि बोलायचं ते कुजबुजून. नवऱ्यामुलाच्या मामांनी सांगितलं, लग्नानंतर मुलीनं इथल्या औषधाच्या दुकानातली नोकरी सोडायची. काकांनी मान डोलावली. "आमचा सबूद त्योच तिचा सबूद."

तेवढ्यात आंब्यावरून ताई बोलली. "आये, म्या नोकरी न्हाई सोडायची. त्यापरीस लगीन ऱ्हाऊ दे."

मामा आंब्याकडं बघत राहिले. आंब्यानं आता काकूचा आवाज काढला. "हळू बोल की. पोरगं बरं हाय, मामाच लई बोलतोय."

सगळे गप्प. गप्प म्हटल्यावर पेडलला हुरूपच आला: चरचराट, बांगड्या, काकूचं नाक ओढणं. काका धावले आणि बंद करायचं सोडून गिटारीवरच ओरडले. पेडलनं त्यांचा आवाज दाबला. आयुष्यात पहिल्यांदा काका अदबीनं बोलल्यासारखे ऐकू आले.

मग नवरामुलगा उठला आणि गिटारीसमोर उकिडवा बसला. "नोकरी सोडू नगा. मार्गासनीवरनं सकाळची एसटी हाय." आणखी वाकून म्हणाला, "मलाबी कुणी इचारलं न्हवतं."

बराच वेळ नुसती भजी तळत राहिली. मग ताई म्हणाली, "बरं."

सुपारी फुटली.

आता कुठं बैठक असली की लोक पेडल मागायला येतात. गिटार नको म्हणतात, गाणं तर नकोच. मी देणार नाही. तुमच्या घरात लग्न ठरत असेल तर उठा, खिडकीशी जा आणि मुलीला सरळ तोंडानं विचारा. आणि ठरलंच, तर वाजवायला मला बोलवा. अजून एकाही घरानं बोलावलेलं नाही.