तिसऱ्या ओळीतली सातवी जागा

शोभाचा फोन आला तेव्हा मी नागपुरात बँकेत होतो. "दादा, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. बाबा म्हणजे माझे वसंतकाका, रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले. गोंदियाच्या गाडीत बसलो तेव्हा दुःखाआधी मनात आलं ते हे, की आता काकांना खरं सांगायचं राहूनच गेलं...

गोष्ट १९९९ सालची. काकांना त्यांच्या आजीची कबर शोधायची होती. माझी ती पणजी, राहेल. काकांचे वडील रांगते असतानाच ती गेली. फोटो नाही, दगड नाही, घरात फक्त नाव उरलेलं. पाळकसाहेबांनी चर्चमधल्या पेटीतून दफनाची जुनी वही काढून दिली. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून वाचायला मी. दोन दुपारी पानं उलटल्यावर नोंद सापडली : राहेल, रेल्वेच्या खलाशाची बायको, फाटकापासून तिसरी ओळ, सातवी जागा. काकांनी ते माझ्याकडून चारदा वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कब्रस्तानात ते फाटकाशीच थांबले. डोळ्यांना धूळ चालत नव्हती. "मोजून घे बरं," ते म्हणाले. "अंदाजानं सांगू नको."

आत रायमुनियाची झुडपं कमरेपर्यंत वाढलेली. चौथ्या कबरीनंतर पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि मला दुपारची गाडी पकडायची होती. कडेला, कडुनिंबाखाली, एक बिननावाचा उंचवटा मोकळा दिसला. त्यावर मी काठी रोवली.

"सापडली का रे?"

"हो काका."

"मोजली?"

"मोजली."

मग काका हळूहळू आले, काळा चष्मा काढला आणि त्या मातीवर हात ठेवून म्हणाले, "लय उशीर झाला वं माय." मी घड्याळ पाहत होतो.

आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात भक्ती होते. त्याआधी घरोघरची माणसं आपापल्या कबरींना चुना लावतात. दर वर्षी काकांचा फोन यायचा, "येऊन राहिला का रे यंदा?" मी ऑडिट सांगायचो, मुलांच्या परीक्षा सांगायचो. परक्या मातीवर त्यांना हात फिरवताना बघायचं धैर्य नव्हतं. "बरं, तुया वाटचा चुना मी लावतो," म्हणून ते फोन ठेवायचे. नाताळात भेटलो की मी म्हणायचो, काका, तिथे नावाचा दगड बसवू. ते म्हणायचे, "बसवू ना. ते कुठं पळून चालली?" गेल्या नाताळात मी तोंड उघडलंही होतं. "काका, ती कबर..." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक अनारसा टाकला. "खाय आधी. वाळून राहिला."

काकांना माती दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी शोभासोबत कब्रस्तानात गेलो. कडुनिंबाखालची कबर पांढरीशुभ्र होती. पण आत, ओळीत, आणखी एक तशीच पांढरी. शोभा तिच्याशी थांबली.

"हे खरी आजी, दादा. पुढच्याच वर्षी झुडपं तोडली तं बाबांनी स्वतः मोजलं."

मी कडुनिंबाकडे बोट केलं. "मग तिकडची?"

"मी पण तेच म्हटलं. परक्या बाईले चुना कायले लावता? तं म्हणे, माया पुतण्यानं आणून देलेली आजी आहे, आता सोडू कशी?"

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं तं तो येणं बंद करंल म्हणे." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तसे ईस्टरले तुम्ही येतच नव्हते म्हणा."

चर्चमध्ये जाऊन मी ती वही पुन्हा मागितली. या वेळी एकेक ओळ मोजली. कडुनिंबाखालच्या जागेसमोर लिहिलं होतं : बाई, नाव माहीत नाही, स्टेशनवरून आणली.

काकांनीही ते वाचलं असेल. ते रेल्वेचे माणूस. स्टेशनवर उतरलेल्या बाईला त्यांनी बारा वर्षं घरचीच मानलं, आणि माझं खोटं एकदाही मला परत केलं नाही. हे कोणत्या शब्दांत फेडू, मला कळत नाही.

यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी गेलो. शोभानं काकांचा चुन्याचा डबा आणि शिंदीची कुची हातात दिली. कुचीची मूठ त्यांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झाली आहे. फाटकापासून सुरुवात केली. तिसरी ओळ. एक, दोन, तीन... मोठ्यानं मोजत सातव्या जागेपाशी बसलो. मग कडुनिंबाखाली गेलो. काकांच्या कबरीची माती अजून बसायची आहे, तिला चुना पुढच्या वर्षी.

"दादा, कोपरा सुटला," मागून शोभा ओरडली. "बाबा असते तं पुन्हा लावाले लावलं असतं."

मी पुन्हा लावला.